वॉरंट विनाअंमल परत: बेलिफाला जाब कोण विचारतो?

दिवाणी दाव्याचा निकाल वादीच्या बाजूने लागतो, हुकूमनामा तयार होतो, त्याची नक्कल हाती पडते, आणि तरीही घराचा ताबा मिळत नाही की अडकलेले पैसे सुटत नाहीत. कोर्टाची पायरी चढलेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी खऱ्या अर्थाने सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यानंतर, असे निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दरभंग्याच्या जमीनदारीच्या एका प्रकरणात १८७२ च्या सुमारास नोंदवले होते. दीडशे वर्षांनंतरही न्यायालये ते पुन्हा पुन्हा उद्धृत करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी आली, तिच्यानुसार देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक हुकूमनामे अंमलबजावणीच्या प्रतीक्षेत होते. त्यांतले सुमारे ३ लाख ४१ हजार मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतले, म्हणजे देशात सर्वाधिक.

या तुंबाऱ्याची कारणे अनेक आहेत. हरलेला पक्ष हरकतीमागून हरकती घेतो, कोणी वारस मरतो, कोणी त्रयस्थ इसम मिळकतीवर हक्क सांगत पुढे येतो, न्यायाधीशांपुढे कामाचा ढीग असतो. एक कारण मात्र यांपेक्षा वेगळे आहे: आदेश पार पाडण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्या न्यायालयाच्याच कर्मचाऱ्याने काम न करणे. हे कारण न्यायव्यवस्थेच्या हातातले आहे. त्यासाठी बाहेरच्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून ते जास्त बोचते. अशा कर्मचाऱ्याला जाब विचारण्याची सोय कायद्यात आहे का, आणि असेल तर ती कशी चालते, हे क्रमाने पाहता येते.

हुकूमनाम्यापासून बेलिफापर्यंत

हुकूमनामा आपोआप अमलात येत नाही. जिंकलेल्या पक्षाला त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत या अर्जाला दरखास्त म्हणतात आणि अर्ज करणाऱ्याला दरखास्तदार. ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो जाबदार. पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा झाल्यापासून सर्वसाधारणपणे १२ वर्षांच्या आत दरखास्त दाखल व्हावी लागते. आदेश कोणत्या मार्गाने अमलात आणायचा, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५१ सांगते: मिळकतीचा ताबा देऊन, माल किंवा जमीन जप्त करून व विकून, काही परिस्थितीत जाबदाराला अटक करून दिवाणी कैदेत ठेवून, किंवा रिसीव्हर नेमून. या कामाची तपशीलवार रीत संहितेच्या आदेश २१ मध्ये आहे. संपूर्ण संहितेतला हा सर्वांत लांबलचक आदेश आहे, यावरूनच निकालानंतरचा रस्ता किती वळणांचा आहे हे कळते.

दरखास्त मंजूर झाली की न्यायाधीशाच्या सहीने आणि न्यायालयाच्या शिक्क्याने वॉरंट निघते. ते नाझराकडे जाते. नाझर हा वॉरंटे, समन्स, जप्त माल आणि न्यायालयात भरले जाणारे पैसे सांभाळणाऱ्या विभागाचा प्रमुख. तो वॉरंटाची नोंद रजिस्टरला घेतो आणि ते त्या त्या भागाच्या बेलिफाकडे सोपवतो. बेलीफ ठरलेल्या दिवशी जागेवर जातो, मिळकत दाखवायला दरखास्तदाराला बरोबर घेतो, पंच बोलावतो, पंचनामा करतो, ताबा दिला तर ताबा पावती घेतो आणि अहवालासह वॉरंट परत करतो.

या साखळीत बेलिफाला एक गोष्ट ठरवायची नसते: निकाल बरोबर की चूक. तो वाद संपलेला असतो. जाबदाराची कितीही दया आली तरी वॉरंट दडपून ठेवण्याचा अधिकार बेलिफाला नाही. न्यायाधीशाचा कायदेशीर हुकूम पार पाडला म्हणून त्याच्यावर कोणी दावा लावू नये, असे संरक्षण १८५० च्या कायद्याने त्याला दिले आहे. हे संरक्षण हुकूम पार पाडण्याला आहे, तो न पाळण्याला नाही.

वॉरंटावरच्या दोन तारखा

कर्मचाऱ्याची कसूर सिद्ध करायची तर आधी त्याने काय करायचे होते आणि केव्हापर्यंत, हे कागदावर हवे. संहितेने ही व्यवस्था वॉरंटातच करून ठेवली आहे. आदेश २१ नियम २४ प्रमाणे वॉरंटावर ते कोणत्या दिवसापर्यंत अमलात आणायचे ही तारीख असावी लागते, आणि कोणत्या दिवसापर्यंत न्यायालयाला परत करायचे ही दुसरी तारीखही.

पुढचा नियम, २५ वा, बेलिफाला लिहायला लावतो. वॉरंट कोणत्या दिवशी आणि कशा रीतीने अमलात आणले, हे त्याने त्यावरच नोंदवायचे. परत करायची तारीख उलटून गेली असेल तर उशिराचे कारण लिहायचे. अंमल झालाच नसेल तर का झाला नाही, ते लिहायचे. या नोंदीला व्यवहारात शेरा म्हणतात. न पोचलेल्या रजिस्टर पत्राच्या पाकिटावर पोस्टमन ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘घेण्यास नकार’ असे लिहून ते परत करतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पोस्टमनच्या शेऱ्यावर सहसा कोणी उलटतपासणी घेत नाही, आणि बेलिफाच्या शेऱ्यावर ती घ्यावी असे कायदा न्यायालयाला सांगतो.

या दोन नियमांचा अर्थ असा की वॉरंट हातात असलेल्या कर्मचाऱ्याला गप्प बसण्याची मुभा नाही. वॉरंट कपाटात पडून राहिले, परतीची तारीख गेली आणि शेराच नाही, तर तेवढ्यानेच नियमभंग झाला. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागत नाही. रजिस्टरमधली सोपवल्याची तारीख आणि वॉरंटावरची परतीची तारीख शेजारी शेजारी ठेवली की पुरे.

‘घर बंद’: एक शेरा, तीन अर्थ

खरी अडचण शेरा असतो तेव्हा येते. नमुन्यादाखल असा शेरा घेऊ: ‘आज रोजी जागेवर गेलो असता घर बंद. जाबदार मिळून आले नाहीत. शेजारी माहिती देत नाहीत. सबब वॉरंट विनाअंमल परत सादर.’ वाचणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. पण वॉरंट कसले आहे, यावर या चार वाक्यांचा अर्थ पार बदलतो.

वॉरंट अटकेचे असेल तर जाबदार न सापडणे हे समजण्यासारखे कारण आहे. माणूस घरात नसेल तर त्याला पकडणार कसे? तरीही बेलीफ किती वेळा गेला, कोणत्या वेळी गेला, कामाच्या ठिकाणी विचारणा केली का, हे प्रश्न उरतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकेसाठी राहत्या घरात शिरायला कायद्याने बंदी आहे. पण सूर्योदयानंतर लगेच जायला कोणी अडवलेले नाही. दर वेळी भर दुपारीच गेल्याची नोंद असेल आणि जाबदार दुपारी दुकानावर असतो हे गावाला माहीत असेल, तर शेरा खरा असूनही काम झालेले नाही.

वॉरंट जंगम मालाच्या जप्तीचे असेल तर कुलपाचा प्रश्न नाजूक आहे. कलम ६२ नुसार राहत्या घराचे बाहेरचे दार सहसा तोडता येत नाही. घर जाबदाराच्याच वहिवाटीत असेल आणि तो आत येऊ देत नसेल किंवा कसेही करून अडवत असेल, तरच ते तोडता येते. एकदा रीतसर आत प्रवेश मिळाला की माल असल्याचा संशय असलेल्या खोलीचे दार उघडता येते. म्हणजे दार लावून घेणाऱ्या जाबदारापुढे बेलीफ हतबल नसतो, पण कुलूप दिसले की तोडले असेही त्याला करता येत नाही. शिवाय काय जप्त करायचे नाही याची यादीही त्याला पाठ असावी लागते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, स्त्रीने धर्माचारानुसार अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बैल. ही यादी मोडणे हीदेखील कसूरच, फक्त उलट दिशेची.

तिसरा प्रकार स्थावर मिळकतीच्या ताब्याच्या वॉरंटाचा. इथे ‘घर बंद’ या शेऱ्याला जवळजवळ काहीच वजन नाही. नियम ३५ नुसार हुकूमनाम्याने बांधलेला इसम जागा सोडायला तयार नसेल तर त्याला बाहेर काढता येते. तो आत येऊ देत नसेल तर, वाजवी सूचना देऊन आणि पडदानशीन स्त्रियांना बाहेर पडण्याची सोय करून, न्यायालयाला आपल्या अधिकाऱ्यामार्फत कुलूप किंवा कडी काढता येते, दार तोडता येते, ताबा देण्यासाठी लागेल ते करता येते. ताबा घराचा द्यायचा आहे, जाबदाराची भेट घ्यायची नाही. प्रत्यक्षात कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त यांसाठी दरखास्तदाराकडून वेगळा अर्ज घेतला जातो, आणि न्यायालयाचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय बेलीफ कुलपाला हात लावत नाही. ही सावधगिरी योग्यच आहे. पण मग कुलूप पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयाला तसे कळवून आदेश मागणे हे बेलिफाचे काम ठरते. मुदतीचे दिवस असेच जाऊ देऊन अखेरच्या दिवशी वॉरंट परत टाकणे ही सावधगिरी नव्हे.

कसुरीचा शोध घेताना पाहायचे ते हेच. शेरा खोटा आहे का, एवढे पाहून भागत नाही. शेऱ्यात लिहिलेले कारण त्या वॉरंटापुरते कारण ठरते का, हे पाहावे लागते.

बेलिफाची तपासणी

नियम २५ चा दुसरा पोटनियम या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे आणि पक्षकारांना तो फारसा ठाऊक नसतो. वॉरंट अमलात आणता आले नाही असा शेरा आला, तर न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला त्याच्या म्हणण्यातल्या असमर्थतेविषयी तपासायचे आहे. गरज वाटल्यास साक्षीदार बोलावून त्यांनाही तपासता येते. आणि जो काही निष्कर्ष निघेल तो लेखी नोंदवायचा आहे. साक्षीदार बोलावणे हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग आहे. बेलिफाला तपासणे आणि निष्कर्ष नोंदवणे हे मात्र कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

ही तपासणी झाली तर ती अशी चालते. बेलीफ न्यायाधीशासमोर उभा राहून सांगतो की अमुक तारखेला मी गेलो, कुलूप होते. त्याला विचारले जाते: पंच कोण होते? त्यांच्या सह्या कुठे आहेत? दरखास्तदाराला येण्याची सूचना दिली होती का? शेजाऱ्याने माहिती दिली नाही म्हणता, त्या शेजाऱ्याचे नाव काय? त्या दिवशी आणखी कोणत्या बजावण्या केल्या? शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण त्यात मोठी ताकद आहे. त्याच दिवशी, त्याच वेळी, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला समन्स बजावल्याचा अहवाल त्याच बेलिफाच्या सहीचा असेल, तर जागेवर गेल्याचा शेरा उभा राहत नाही.

दुर्दैवाने अनेकदा हे होत नाही. शेरा आला की त्यावर ‘पाहिले’ अशी नोंद होते, दरखास्तदाराच्या वकिलांना पुढची पायरी उचलायला सांगितले जाते आणि तारीख पडते. मग नवे वॉरंट, नवा भत्ता, पुन्हा तोच शेरा. बेलिफाला विचारलेच गेले नाही, तर पुढे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करायला आधारच उरत नाही, कारण कसूर झाली असे कोणत्याही कागदावर नसते. शिस्त लावण्याची सुरुवात निलंबनाच्या आदेशाने होत नाही, ती या साध्या तपासणीने होते. आणि जे न्यायालय ती टाळते, ते त्या कसुरीत आपलाही वाटा उचलते, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

चौकट: वॉरंट विनाअंमल परत आल्यावर

शेऱ्याची आणि अहवालाची प्रमाणित नक्कल घ्यावी. वॉरंटावरच्या दोन्ही तारखा, बेलीफ गेल्याची तारीख व वेळ, पंचांची नावे आणि दरखास्तदार हजर होता की नाही, हे त्यात तपासावे. कारण पटत नसेल तर आदेश २१ नियम २५(२) चा उल्लेख करून बेलिफाची तपासणी करावी, असा लेखी अर्ज त्याच दरखास्तीत द्यावा. त्याबरोबरच नवे वॉरंट, ते दुसऱ्या बेलिफाकडे सोपवणे, कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त, यांपैकी जे लागेल ते मागावे. पैशाची मागणी झाली असेल तर ती न देता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी १०६४ या क्रमांकावर संपर्क साधावा.

हतबलता, कमी कुवत आणि कसूर

प्रत्येक परत आलेल्या वॉरंटामागे बेलिफाचा दोष असतो असे मानणे अन्यायाचे होईल. जाबदाराचे पंधरा-वीस नातेवाईक दारात उभे राहतात, बायका आणि म्हातारी माणसे पुढे केली जातात, कोणी रॉकेलचा डबा घेऊन बसतो. समोर एकटा बेलीफ असतो, दोन घाबरलेले पंच आणि दरखास्तदार. अशा वेळी मागे फिरून ‘प्रतिकार झाला’ असा अहवाल देणे हेच त्याचे कर्तव्य आहे. त्या अहवालावर पुढची यंत्रणा हलते. दरखास्तदार नियम ९७ खाली अडथळ्याची तक्रार करतो, आणि अडथळा विनाकारण होता असे ठरून तो पुन्हा झाला तर अडवणाऱ्याला नियम ९८ खाली ३० दिवसांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. सरकारी कामात अडथळा आणणे आणि लोकसेवकावर हल्ला करणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ आणि १३२ खाली गुन्हे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी राहुल एस. शहा यांच्या प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत या दोन्ही बाजूंचा विचार आहे. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, मुदत वाढवायची तर कारणे लेखी नोंदवावीत, असे त्यात म्हटले आहे. पोलीस मदतीशिवाय अंमल शक्य नाही अशी न्यायालयाची खात्री झाली तर पोलीस ठाण्याला मदतीचा आदेश द्यावा, आणि वॉरंट अमलात आणणाऱ्या, जप्ती व विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यांना सतत प्रशिक्षण मिळावे यासाठी न्यायिक अकादम्यांनी पुस्तिका तयार कराव्यात, असेही. कर्मचाऱ्याला काम शिकवले नाही, बंदोबस्त दिला नाही आणि नंतर त्याच्यावरच ठपका ठेवला, तर ती शिस्त नव्हे.

सेवाविषयक कायदा याहून बारीक फरक करतो. १९७९ च्या भारत सरकार विरुद्ध जे. अहमद या निकालात प्रश्न आसाममधल्या नौगाव जिल्ह्याच्या उपायुक्तांचा होता. १९६० च्या दंगलीत त्यांनी पुरेशी दक्षता आणि नेतृत्व दाखवले नाही, असा ठपका होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती कमी कुवत किंवा कामातला कमी वकूब म्हणजे गैरवर्तन नव्हे. निष्काळजीपणा मात्र गैरवर्तन ठरू शकतो, विशेषतः त्याचे परिणाम गंभीर आणि न भरून येणारे असतील तेव्हा. बेलिफाच्या बाबतीत हे माप लावायचे तर पंचनाम्याची भाषा सदोष असणे ही प्रशिक्षणाची बाब आहे. जप्तीचे वॉरंट तीन आठवडे खिशात ठेवणे आणि तेवढ्यात जाबदाराने दुकानातला माल हलवणे ही शिस्तीची बाब आहे.

विभागीय चौकशी

न्यायालयीन तपासणीत कसूर दिसली की प्रकरण प्रशासकीय बाजूकडे जाते. जिल्ह्यातल्या न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांची नेमणूक आणि शिस्त प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या हातात असते, आणि त्यांच्यावर संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. ज्या न्यायाधीशासमोर दरखास्त आहे तो अहवाल पाठवू शकतो. पक्षकारही थेट लेखी तक्रार करू शकतो.

महाराष्ट्रात या कारवाईचा आधार म्हणजे १९७९ चे दोन नियमसंच. वर्तणूक नियम सांगतात की कर्मचाऱ्याने नितांत सचोटी आणि कर्तव्यपरायणता राखली पाहिजे. शिस्त व अपील नियम हे न पाळणाऱ्याचे काय करायचे ते सांगतात. प्रथम खुलासा मागवला जातो. तो समाधानकारक नसेल आणि बाब किरकोळ असेल तर संक्षिप्त पद्धतीने किरकोळ शिक्षा देता येते: ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे, बढती रोखणे, निष्काळजीपणामुळे सरकारचे झालेले नुकसान पगारातून वसूल करणे. बाब गंभीर असेल तर संपूर्ण विभागीय चौकशी लागते. तिच्या अखेरीस पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे किंवा बडतर्फी होऊ शकते. काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळण्याची वाट बंद होत नाही, बडतर्फ झालेल्याला ती सहसा बंद होते.

संपूर्ण चौकशीत कर्मचाऱ्याला दोषारोपपत्र मिळते. त्याबरोबर प्रत्येक आरोपाचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी जोडावी लागते. तो लेखी बचाव देतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो, स्वतःचे साक्षीदार आणतो. चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत त्याला द्यावी लागते आणि तिच्यावर त्याचे म्हणणे ऐकून मगच शिक्षा ठरते. वाजवी संधी न देता बडतर्फ करणे, काढून टाकणे किंवा पदावनत करणे अनुच्छेद ३११ खाली चालत नाही. अशा घाईच्या शिक्षा पुढे रद्द होतात आणि दोषी माणूस मागच्या पगारासह परत येतो, म्हणून रीत सांभाळणे दरखास्तदाराच्याही हिताचे आहे.

पुराव्याचे माप फौजदारी खटल्याइतके कडक नसते. गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागत नाही, कसूर झाली असण्याची शक्यता अधिक आहे असे पुराव्यावरून दिसले की पुरते. इथे नियम २५(२) खालची नोंद मोलाची ठरते: न्यायाधीशाने तपासून लिहिलेला निष्कर्ष दोषारोपपत्राला जोडलेला असेल तर आरोप हवेत राहत नाही. तो नसेल तर सगळी भिस्त तक्रारदाराच्या तोंडी साक्षीवर येते. आणि चौकशीत तक्रारदार पक्षकार नसतो, फक्त साक्षीदार असतो. चौकशी जिंकली म्हणून त्याला घराचा ताबा मिळत नाही. तो मिळवायला दरखास्त वेगळी चालवावीच लागते, आणि चौकशीच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

लाच, जाणूनबुजून केलेला नियमभंग आणि अवमान

काही कसुरी शिस्तीच्या हद्दीत मावत नाहीत. वॉरंट लांबवण्यासाठी जाबदाराकडून पैसे घेणे आणि ते बजावण्यासाठी दरखास्तदाराकडून घेणे, दोन्ही १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली येतात. शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय दंड. खटल्यासाठी लागणारी मंजुरी त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार असलेल्याकडून घ्यावी लागते. सापळ्यात अटक होऊन कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो.

जप्त केलेला माल किंवा जाबदाराने जागेवरच भरलेली रक्कम स्वतःकडे ठेवणे हा लोकसेवकाने केलेला विश्वासघात. कोणाचे तरी नुकसान करण्याच्या हेतूने कायद्याचा निर्देश मोडणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९८ खाली एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. ज्याला पकडणे कायद्याने बंधनकारक आहे त्याला न पकडणाऱ्या किंवा निसटू देणाऱ्या लोकसेवकासाठी कलम २६४ आहे. तिथे मुद्दाम केले तर तीन वर्षांपर्यंत आणि केवळ हयगयीने घडले तरी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

न्यायालयाच्या अवमानाचा मार्गही आहे, पण तो अरुंद आहे. आदेश हेतुपुरस्सर मोडला हे दाखवावे लागते. १९७१ च्या कायद्यानुसार शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आळस आणि विसराळूपणा यासाठी हे हत्यार नाही.

बुडालेल्या पैशाचे काय?

बेलिफाला ठपका मिळाला, वेतनवाढ थांबली. पण त्याच्या दिरंगाईत जाबदाराने विकून टाकलेली गाडी परत येत नाही. दरखास्तदाराचे नुकसान कोण भरून देणार, हा प्रश्न शिस्तीच्या नियमांत सुटत नाही. तिथली पगारातली वसुली सरकारी नुकसानीसाठी असते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्याने हा प्रश्न फार कडकपणे सोडवला होता. कर्जासाठी कैदेत टाकलेला ऋणको शेरीफाच्या ताब्यातून पळाला तर ते कर्ज शेरीफाच्या अंगावर येई. तिथल्या काउंटी कोर्टांच्या १९८४ च्या कायद्यातही, बेलिफाच्या निष्काळजीपणाने किंवा संगनमताने जप्तीची संधी हुकली तर न्यायाधीशाने त्याला नुकसानभरपाई द्यायला लावावी, असे कलम होते. भरपाईची मर्यादा वॉरंटाच्या रकमेइतकी.

याच जातीची तरतूद महाराष्ट्राच्या भूमीवर आहे, आणि तीही १८८२ पासून. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाचा कारभार ज्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याने चालतो, त्यात कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हुकूम किंवा वॉरंट अमलात आणण्यासाठी नेमलेल्या बेलिफाने निष्काळजीपणाने, संगनमताने किंवा हयगयीने ती संधी घालवली, तर नुकसान सोसलेल्या व्यक्तीच्या अर्जावर आणि ते सिद्ध झाल्यावर, न्यायालय त्या कर्मचाऱ्याला भरपाई द्यायला लावू शकते. धोबी तलावाच्या या न्यायालयात मुंबई शहरातले भाडेकरू-मालक वाद चालतात, आणि तिथे ताब्याचे वॉरंट किती मोलाचे असते हे सांगायला नको.

दिवाणी प्रक्रिया संहितेत बेलिफाविरुद्ध इतका सरळ उपाय नाही. जप्त केलेला माल सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आदेश २१ नियम ४३ ने जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकली आहे. संधी हुकवल्याबद्दल भरपाईचे कलम मात्र तिच्यात नाही. सातारा, लातूर किंवा चंद्रपूरच्या दरखास्तदाराला मुंबई शहरातल्या दरखास्तदाराइतके संरक्षण का नसावे, याचे पटण्यासारखे उत्तर मिळत नाही. १८८२ ची ती तरतूद संहितेत यायला हवी.

नाझर, न्यायाधीश आणि उच्च न्यायालय

जबाबदारी बेलिफावर येऊन थांबत नाही. वॉरंटाची परतीची तारीख उलटली हे पहिल्यांदा कळते ते नाझराला, कारण रजिस्टर त्याच्या टेबलावर असते. मुदत संपलेल्या वॉरंटांची यादी काढून ती न्यायाधीशापुढे ठेवणे हे देखरेखीचे काम आहे. ते न करणारा नाझर स्वतः शिस्तीच्या नियमांखाली येतो. जिल्हा न्यायाधीशांच्या तपासणी दौऱ्यात हीच रजिस्टरे पाहिली जातात. सोपवल्याची तारीख आहे पण परतीची जागा कोरी आहे अशा ओळी मोजल्या की नाझर विभागाची प्रकृती कळते.

त्याच्या वर दरखास्त चालवणारा न्यायाधीश. ६ मार्च २०२५ रोजी पेरियम्मल विरुद्ध व्ही. राजामणी या तमिळनाडूतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मूळ दावा १९८६ चा. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सर्व उच्च न्यायालयांना आपापल्या जिल्ह्यांतल्या प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवायला सांगितले. त्या सहा महिन्यांत निकाली निघाव्यात, अन्यथा संबंधित न्यायाधीश उच्च न्यायालयाला प्रशासकीय बाजूने उत्तरदायी राहील, असे बजावले. पुढच्या सहा महिन्यांत देशभरात ३ लाख ३८ हजारांहून अधिक दरखास्ती निकाली निघाल्या. लेखाच्या सुरुवातीला दिलेला ८ लाख ८२ हजारांचा आकडा त्यानंतर उरलेल्यांचा आहे.

न्यायाधीश जबाबदार धरला जाऊ लागला की तो नाझराला विचारतो, आणि नाझर बेलिफाला. मात्र केवळ आकडा खाली आणण्याच्या दबावाचा एक धोकाही आहे. ‘दरखास्तदाराने पुढील पायरी उचलली नाही’ असे कारण देऊन दरखास्त निकाली काढली, तरी ती आकड्यात निकाली म्हणूनच मोजली जाते. ताबा मिळाला म्हणून बंद झालेल्या दरखास्ती आणि नुसत्याच काढून टाकलेल्या दरखास्ती उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या मोजाव्यात, आणि प्रत्येक न्यायालयात विनाअंमल परत आलेली वॉरंटे किती व त्यांपैकी किती बाबतींत बेलिफाची तपासणी झाली, याचाही तक्ता मागवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन्ही नोंदी त्याच रजिस्टरांत आणि त्याच दरखास्तींच्या कागदांत असतात.